खेळणाऱ्या पोरांची पारख



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांच्या मनात विषय वेगळा होता. नव्या श्रमसंहितांमुळे कामगाराचे काय होणार, यावर आम्ही बोलावे अशी त्यांची इच्छा होती. तो विषय आम्ही कारखान्याच्या दारात रोजच बोलतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभर घामाने भिजून आलेल्या श्रोत्यांपुढे पुन्हा कलमे वाचणे आमच्या जिवावर आले. म्हणून आम्ही दुसरा विषय मागून घेतला. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची निवड कशी होते आणि ती कशी व्हावी, हा तो विषय. ऐकून काही मंडळी हसली. ‘युनियनवाल्याचा आणि फुटबॉलचा संबंध काय?’ असे एकाने तोंडावर विचारलेही. संबंध असा की, कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे, या एका प्रश्नावर आमची तीस वर्षे गेली. तोच प्रश्न बारा वर्षांच्या पोराच्या बाबतीत समोर उभा राहिला, तेव्हा तो आम्हांला चांगलाच ओळखीचा वाटला.

आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रपाळीच्या फावल्या वेळात. तेव्हा या विषयातले जे काही आम्ही सांगू, ते वाचून, विचारून आणि मैदानाच्या कडेला उभे राहून मिळवलेले आहे. चूक दिसल्यास व्याख्यानानंतर सांगावी.

बोईसर आपणां पालघरकरांस नवे नाही. मधे एक उमरोळी सोडली की बोईसर. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, त्यामागून औद्योगिक वसाहत वाढली, आणि तिच्या आधाराने चाळी उभ्या राहिल्या. त्या चाळींत आज मराठी, भोजपुरी, उडिया अशा सगळ्या भाषा ऐकू येतात. एका बंद कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत या चाळींतली पोरे चिखलात चेंडू लाथाडत. आमच्या संघटनेतल्या दोन तरुण कामगारांनी त्यांना शिट्टी आणि वेळ दिला, आणि एक संघ तयार झाला. पुढे पूर्वेच्या पाड्यांवरची वारली पोरे येऊ लागली. नवापूर-दांडीकडची, ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर खेळणारी कोळ्यांची पोरेही आली. वाळूवर खेळणाऱ्याचा पाय वेगळा पडतो, हे आम्ही तिथे प्रथम पाहिले.

आता ज्या प्रसंगाने हा विषय आमच्या मानगुटीस बसला तो सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मैदानावर तेरा वर्षांखालील मुलांची निवड-चाचणी आहे, असा निरोप आदल्या संध्याकाळी मोबाइलवर आला. पोरांच्या तोंडचा शब्द ‘ट्रायल’. आम्ही तीन पोरे घेऊन पहाटे अंधारात गाडी धरली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली म्हणून हे जमले तरी. पण अंतर शंभराच्या आसपास किलोमीटर आणि प्रवास दोन तासांच्या वर. तो सगळा प्रवास पोरांनी उभ्याने केला. मैदानाच्या दारात जन्माचा दाखला, आधार कार्ड, झेरॉक्स आणि शुल्क. मग छातीवर पिनेने लावलेला कागदाचा आकडा. आमच्यापैकी एका वारली पोराचा आकडा होता १४७.

प्रथम तीस मीटर पळवले. मग प्लॅस्टिकच्या शंकूंमधून चेंडू नेणे. शेवटी अकरा-अकरांचा दहा मिनिटांचा सामना. बावीस अनोळखी पोरे, चेंडू एक आणि वेळ दहा मिनिटे! ज्याच्या पायाशी चेंडू येई तो दुसऱ्यास देईना, कारण दिला तर आपण दिसणार कसे? आमचा पोरगा नेहमी मधल्या फळीत खेळणारा. त्याला सांगितले, ‘तू मागे डावीकडे उभा राहा.’ तो राहिला. दहा मिनिटांत त्याच्या पायाला चेंडू चार वेळा लागला, हे आम्ही बोटांवर मोजले. निवड करणारे दोघे होते आणि पोरे दीडशेच्या वर. साडेअकराला आकडे वाचले गेले. १४७ त्यात नव्हता. आम्ही जाऊन कारण विचारले, तर ‘स्टँडर्ड नाही’ एवढे उत्तर मिळाले.

परतीच्या गाडीत विरारपर्यंत पोरगा बोलला नाही. मग म्हणाला, “काका, माझं काय चुकलं?”

आम्ही आयुष्यात पुष्कळ चौकशा लढवल्या. कामगाराने कारखान्यातला पाना चोरला असा संशय आला, तरी त्याला आरोपपत्र मिळते. त्यात तारीख असते, आरोप असतो, उत्तर द्यायला मुदत असते. या पोराला सांगायला आमच्याकडे एक ओळ नव्हती. पुढच्या आठवड्यात तो खेळायला आला नाही. दोन आठवड्यांनी आम्ही पाड्यावर गेलो, तेव्हा आला. पण त्याचे खेळणे बदलले होते. चेंडू मिळाला की तो आता कोणाला देत नसे.

मंडळी, बोईसरच्या मजूर नाक्यावर सकाळी सातला जाऊन पाहा. ठेकेदाराचा मुकादम येतो, रांगेवरून नजर फिरवतो, खांदे पाहतो, दंड पाहतो आणि बोट दाखवतो : तू, तू आणि तू. त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर आहे. त्याला आज संध्याकाळपर्यंत पोती उचलून हवी आहेत. त्या माणसाचे सहा वर्षांनी काय होणार याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पण बारा वर्षांच्या पोराला जो निवडतो, त्याला तो अठरा-एकोणीस वर्षांचा झाल्यावर हवा आहे. आणि तरी तो पाहतो मुकादमाच्याच डोळ्यांनी. आज कोण उंच आहे, आज कोण जोरात पळतो, धक्का मारल्यावर आज कोण उभा राहतो, एवढेच. पोती आजची आहेत, पोरगा उद्याचा आहे. आमच्या मते सगळा घोळ इथे आहे.

हा घोळ वयापासून सुरू होतो. फुटबॉलमध्ये वयोगट बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात. मोठ्या माणसांत अकरा महिने म्हणजे काहीच नव्हेत. दहा वर्षांच्या पोरांत मात्र ते आयुष्याचा जवळजवळ अकरावा भाग होतात. १९८५ च्या सुमारास कॅनडात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून पाहिल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. पुढे फुटबॉलमध्येही देशोदेशी तेच दिसून आले. जानेवारीत जन्मलेल्यांच्या अंगी जन्मतः काही अधिक असते असे नव्हे. ते थोडे मोठे म्हणून निवडले जातात, निवडले म्हणून त्यांना चांगला शिक्षक, चांगले मैदान आणि अधिक सामने मिळतात, आणि मग ते खरोखरच चांगले होतात. निवड करणारा म्हणतो, ‘पाहा, माझी नजर चुकली नाही!’

त्यातच अंग भरण्याची गोष्ट. मुलगे साधारण तेरा-चौदाच्या सुमारास झपाट्याने वाढतात, मुली त्याच्या दोनएक वर्षे आधी. पण कोणी अकराव्या वर्षी वाढू लागतो, कोणी पंधराव्या. एकाच वर्गात एकाच बाकावर बसलेल्या दोघांत शरीराच्या हिशेबाने तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. वाढत्या अंगाचा पोरगा काही महिने स्वतःच्याच पायांत अडखळतो, हे आयांना ठाऊक असते. नेमक्या त्या महिन्यात त्याची चाचणी आली म्हणजे त्याचे नशीब!

हे झाले ज्यांच्या जन्मतारखा खऱ्या आहेत त्यांचे. आता आपल्याकडे या. या सभागृहात १ जून ही ज्यांची जन्मतारीख आहे, त्यांनी हात वर करावेत अशी विनंती केली, तर किती हात वर येतील? आमचाही येईल. शाळा जूनमध्ये उघडे. बाप पोराला घेऊन जाई. मास्तर पोराकडे पाहून वयाचा अंदाज करी आणि दाखल्यात १ जून लिहून टाकी. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून केवढी माणसे एकदम निवृत्त होतात, ते आपण पाहतोच. आमच्या सभासदांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांत १ जूनची रांगच्या रांग लागलेली असते, आणि त्यावरून आम्ही कित्येक भांडणे भांडलो आहोत. ही तारीख आता नव्या पिढीत कमी होत चालली आहे. इस्पितळातली बाळंतपणे वाढली, दाखले वेळेवर होऊ लागले. पण दूरच्या पाड्यांवरून आणि परप्रांतांतून आलेल्या पोरांच्या कागदांवर ती अजून भेटते. असा कागद घेऊन पोरगा चाचणीला गेला की टेबलावरच्या माणसाचा चेहरा बदलतो. त्याला वाटते, वय चोरले आहे.

आणि वयाची चोरी होते, हे आपण कबूल केले पाहिजे. पंधरा वर्षांच्या पोराला तेराच्या संघात घालणारे शिक्षक आहेत, तसा दाखला मिळवून देणारे बापही आहेत. ते लबाडी करतात ती सरकारशी नव्हे. ज्या लहान पोराची जागा गेली, त्याच्याशी करतात. म्हणून भारतीय फुटबॉल महासंघाने हाडांची तपासणी आणली. टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या नावाची ती पद्धत आहे; डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडे किती पक्व झाली ते ताडून पाहतात. जागतिक संघटनेने सतरा वर्षांखालील स्पर्धांसाठी २००९ पासून मनगटाचे एमआरआय चित्र घेण्यास आरंभ केला.

आमचा या तपासणीला विरोध नाही. पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यावे. ती हाडाचे वय सांगते, जन्माचे नव्हे. लवकर वाढणाऱ्या प्रामाणिक पोराचे हाड त्याच्या वयाच्या वर्षभर पुढे असू शकते. त्यात रोग नाही आणि लबाडीही नाही. असा पोरगा ‘जादा वयाचा’ ठरून बाहेर पडतो, आणि उशिरा वाढणारा खरोखरच मोठा पोरगा आत राहतो. गटात समान शरीराची पोरे खेळावीत एवढाच हेतू असेल, तर हेही चालेल. पण बाहेर पडलेल्याच्या कपाळावर ‘चोर’ असा शिक्का बसतो, गावात बोलबाला होतो, तो चालणार नाही. ‘तुझे हाड पुढे गेले आहे, तू वरच्या गटात खेळ’, हे एक वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत.

मोजमापाबद्दल मात्र आमचे मन दोन बाजूंना ओढले जाते. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या चाचण्या होतात. उंची आणि वजन घेतात, पळत्या आरंभाने तीस मीटर धाव, सहा वेळा दहा मीटरची ये-जा, आठशे मीटर धावणे, उभ्याने लांब उडी आणि उंच उडी, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकणे, आणि पुढे वाकून हात किती पोहोचतो ते पाहणे. ही यादी आधी जाहीर असते. युनियनच्या माणसाला अशी यादी आवडते. फीत कोणाचा भाचा ओळखत नाही. पोराला घरी सराव करता येतो, आणि नापास झाला तर कुठे झाला ते कळते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हा या दाराने आत गेलेल्याचे काही होत नाही, असे कोणी म्हणू नये.

पण फीत मोजते काय? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या डोंगरात वाढलेल्या पोराची उंची ही केवळ त्याच्या रक्ताची गोष्ट नाही. त्याच्या आईने गरोदरपणी काय खाल्ले आणि भात संपल्यावर श्रावण-भादव्यात घरात काय शिजले, तेही त्या फितीवर चढलेले असते. दोन पोरे फितीवर सारखी भरली, त्यांतले एक अंडी-दूध खाऊन तिथवर आले आणि एक नागलीच्या भाकरीवर आले, तर पुढे कोण वाढेल? आमचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण चाचणीच्या कागदावर या प्रश्नाला रकाना नाही.

आणि मेडिसिन बॉल कितीही लांब फेकला, तरी फुटबॉल हातांनी खेळत नाहीत. नॉर्वेतील गेअर योर्डेट नावाच्या संशोधकाने वर्षानुवर्षे एकच गोष्ट पाहिली : चेंडू पायाशी येण्याच्या आधी खेळाडू मान वळवून किती वेळा आजूबाजूला पाहतो. इंग्लंडच्या मोठ्या संघांतल्या मधल्या फळीच्या खेळाडूंवर त्याने हे मोजले, तेव्हा जे अधिक वेळा पाहत त्यांचे पास अधिक वेळा बरोबर जात, असे दिसले. हे वाचल्यावर आम्ही आमच्या मैदानाच्या कडेला उभे राहून चेंडूवरची नजर काढली आणि चेंडू नसलेल्या पोरांच्या माना पाहू लागलो. आपणही एकदा करून पाहा. खेळ वेगळाच दिसतो. दांडीचा एक बुटका पोरगा अगदी कोंबड्यासारखा सारखी मान फिरवी. त्याला आधी कोणी मोजतच नव्हते.

फितीवर भरवसा नाही, तर मग डोळ्यांवर ठेवावा काय? डोळ्यांचीही एक खोड आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये दोन मोठ्या औद्योगिक कंपन्यांतल्या नोकरांना वरिष्ठांनी दिलेले शेरे तपासले. बुद्धी, मेहनत, कसब, विश्वासूपणा असे वेगवेगळे रकाने होते. पण ज्याला एका रकान्यात चांगला शेरा, त्याला बहुतेक सगळ्यांत चांगला. म्हणजे वरिष्ठाने रकाने भरलेच नव्हते. माणूस आवडतो की नाही, एवढेच त्याने पुनःपुन्हा लिहिले होते. पुढे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांतही तेच सापडले, आणि १९२० मध्ये त्याने ते छापले. हे वाचले तेव्हा आम्ही रात्रपाळीत एकटेच मोठ्याने हसलो. फोरमनच्या मर्जीतल्या माणसाला ‘शिस्त’, ‘उत्पादन’, ‘सहकार्य’ सगळ्यात पाचपैकी पाच. आम्हांला सगळ्यात दोन! मैदानावर असेच होते. ज्याचे बूट चकचकीत, ज्याला शिक्षक नावाने ओळखतो, ज्याने पहिल्या मिनिटात एक जोरदार फटका मारला, त्याचे सगळे चांगले दिसू लागते.

दुसऱ्यांचे दोष फार झाले. आता आमचा एक सांगतो. संघ नवा होता तेव्हा पावसाळी स्पर्धेसाठी सोळा पोरे निवडायची होती, आणि निवडायला आम्हीच बसलो होतो. एक काटकुळा, अनवाणी पोरगा मागच्या फळीत खेळत होता. आम्ही कागदावर लिहिले : ‘पळत नाही.’ आणि नाव खोडले. आमच्याशेजारी एक जुने वेल्डर बसले होते. तरुणपणी ते बरे खेळलेले. पोरे गेल्यावर ते म्हणाले, “भाऊ, तो पळत नव्हता, कारण चेंडू येणार तिथं तो आधीच उभा होता.” आम्ही म्हटले, पुढल्या वेळी घेऊ. पुढल्या वेळी पोरगा आलाच नाही. तो आता एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. पाळी सुटताना कधी दारात भेटतो, ‘काका’ म्हणून हाक मारतो, संघ कसा आहे ते विचारतो. त्याला ते खोडलेले नाव माहीत नाही. आम्हांला माहीत आहे.

नाकारलेले पुढे मोठे झाले, अशी उदाहरणे या खेळात पुष्कळ आहेत. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला, तो मणिपूरच्या जिकसन सिंगने. हा पोरगा आधीच्या निवडीत संघाबाहेर राहिला होता. त्याच्या प्रबोधिनीच्या पोरांनी राष्ट्रीय संघालाच सराव सामन्यात हरवले, तेव्हा नव्या प्रशिक्षकाचे लक्ष गेले. इंग्लंडचा जेमी वार्डी पंधरा-सोळाव्या वर्षी लहान अंगाचा म्हणून क्लबातून सुटला. पुढे तो वैद्यकीय पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करी आणि पोलादाच्या कारखान्यांतून उभ्या राहिलेल्या एका छोट्या क्लबाकडून खेळे. २०१६ मध्ये त्याचा लेस्टर संघ इंग्लंडचा विजेता झाला. फ्रान्सचा ग्रिझमन आपल्याच देशातल्या अनेक क्लबांनी उंचीपायी नाकारला आणि स्पेनमध्ये जाऊन वाढला.

या गोष्टी आपण पोरांना सांगतो, आणि टाळ्या पडतात. आम्हीही सांगत असू. आता जपून सांगतो. कारण ‘ज्याच्यात दम असतो तो वर येतोच’ असा अर्थ लोक त्यातून काढतात, आणि निवड करणारा मोकळा सुटतो. जे परत आले त्यांचीच नावे आपल्याला माहीत आहेत. कारखान्याच्या दारात आम्हांला जो भेटतो, त्याचे नाव कोण घेणार?

तेव्हा आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकावर एक बंधन घातले होते : नोकरीच्या अटी लिहून काढा, आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दाराजवळ फळ्यावर लावा. (तो कायदा आता नव्या संहितेत विरून गेला, आणि शंभर कामगारांची मर्यादा तीनशेवर गेली, पण तो आजचा विषय नव्हे.) आम्ही तेच मैदानावर केले. निवडीच्या आठवडाभर आधी मराठीत आणि हिंदीत कागद लावतो : काय पाहणार, कोण पाहणार, किती दिवस पाहणार. एका दिवसात निवड करीत नाही; तीन रविवार घेतो, कारण एका दिवशी पोरगा उपाशी आलेला असतो आणि एका दिवशी घरात भांडण झालेले असते. अकरा-अकरांऐवजी चार-चारांचे छोटे सामने लावतो. त्यात लपायला जागा नाही आणि चेंडू प्रत्येकाच्या पायाशी पुनःपुन्हा येतो. पाहणारे दोघे असतात. एकमेकांशी बोलण्याआधी दोघांनी आपापला कागद भरायचा, हा नियम. पहिल्या वर्षी दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा एकाच पोराला एकाने पहिला आणि दुसऱ्याने शेवटचा धरलेला आढळला. ते पाहून आम्ही सगळेच थोडे नम्र झालो.

वयाच्या बाबतीत हॉलंडमधला एक प्रयोग आम्हांला फार आवडला. आइंडहोवनच्या क्लबात निवड करणाऱ्यांना आधी पोरांच्या जन्मतारखा नुसत्या सांगितल्या; तरी ते मोठ्या पोरांनाच झुकते माप देत राहिले. मग पोरांना वयाच्या क्रमाने आकडे घातले, म्हणजे आकडा पाहताच कोण मोठा, कोण लहान ते कळावे. तेव्हा तो कल गेला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. खर्च काही नाही, आकडे आपण लावतोच. आम्ही उत्साहाने कागद घेऊन बसलो, तो काय, निम्म्या पोरांची तारीख १ जून! क्रम लावणार कसा?

शेवटी आम्ही पाड्यांवर आणि चाळींत जाऊन आयांना विचारले. कागद त्यांच्याकडे नव्हते, पण आठवण पक्की होती. एक म्हणाली, आवणी चालू होती, पावसात सुईणीला आणायला गेले होते. दुसरी म्हणाली, दिवाळीच्या आधी, भात कापायला आले होते. आझमगढकडची एक बाई म्हणाली, होळीनंतर पाचव्या दिवशी. ऋतू मिळाला, वर्ष पुढच्या-मागच्या भावंडांवरून बसवले. तेवढ्यावर आकडे लावले. सरकारदरबारी या तारखांना किंमत नाही, पण आमच्या मैदानावर आहे.

मुलींविषयी वेगळे व्याख्यान लागेल. आमच्याकडे नऊ येतात. अंधार पडण्याआधी त्यांना घरी पोहोचवायला माणूस लागतो, आणि निवडीची पहिली चाळण तिथेच लागते.

ज्यांना घेत नाही, त्या प्रत्येकाशी आम्ही बोलतो. पाच मिनिटे, बाजूला घेऊन, बापासमोर नव्हे. काय चांगले दिसले ते आधी, काय कमी पडले ते नंतर, आणि पुढली निवड कधी ते शेवटी. हे काम सर्वांत जड आहे. तीन रविवार उन्हात उभे राहणे सोपे. रडू आवरून उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांत पाहून खरे कारण सांगणे सोपे नाही. खरे कारण सांगायचे तर ते आधी आपल्याला ठाऊक असावे लागते, आणि कित्येकदा बोलायला गेल्यावर कळते की आपल्याकडे कारणच नाही. अशा वेळी दोनदा आम्ही नाव परत यादीत घातले आहे.

१४७ आकड्याचा तो पोरगा आता सतरा वर्षांचा आहे. मोठा खेळाडू होईल असे आम्हांला वाटत नाही. आणि त्या दिवशी निवड झाली असती तर झाला असता की नाही, तेही कोणी सांगू शकणार नाही. तो बारावीचा निकाल यायची वाट पाहतो आहे आणि रविवारी लहान पोरांचा सामना खेळवतो. चेंडू पुन्हा दुसऱ्याला देऊ लागला आहे.

यंदाच्या निवडीचा पहिला रविवार येत्या आठवड्यात आहे. सकाळी साडेसहाला आरंभ, ऊन चढण्याआधी आटोपते. पोरे ऐंशीच्या आसपास येतील आणि आमच्याकडे कागद भरणारी माणसे सहाच आहेत. फुटबॉल येत नसला तरी चालेल. मान कोण वळवतो ते मोजायला फुटबॉल यावा लागत नाही. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोणालाही विचारा, बंद कारखान्यामागचे मैदान दाखवतील. पेन्सिल आम्ही देऊ, टोपी आपली आणावी.